ओढ्याच्या पाण्यात गाडी किती खोल घालावी?

सातारा जिल्ह्यातल्या पाटण, बामणोलीकडच्या ओढ्यांत पावसाळ्यात फरशी पूल बघता बघता पाण्याखाली जातात. कंपनी महिंद्रा थारसाठी ६५० मिमी, फोर्स गुरखासाठी ७०० मिमी खोली सांगते. हा आकडा संथ पाण्याचा, कडक तळाचा. वाहत्या पाण्यात अर्ध्या चाकापेक्षा खोल जाऊ नका. फूटभर वेगवान पाणी छोटी गाडी ढकलतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या उचलतं. पाणी गढूळ असेल, फरशीची कड दिसत नसेल तर उतरूच नका. काठीने खोली कळते, पण फरशी खचलीय का ते कळेलच असं नाही.

घाट उतरून आल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. तापलेला डिफरन्शियल (चाकांमधला गिअरचा डबा) गार पाण्यात एकदम आकसतो आणि ब्रीदरमधून (त्याची हवेची नळी) किंवा सीलमधून पाणी आत ओढतो. मग फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर), पहिला किंवा दुसरा गिअर, चालण्याच्या वेगाने एकसारखं पुढे. बंपरपुढे छोटी लाट राहिली की बॉनेटखाली पाणी कमी राहतं. मध्ये गिअर बदलू नका. सीटबेल्ट काढलेला, काचा खाली.

मध्येच इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नका! सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढूनच काढा, पुन्हा चालू करण्याआधी एअर फिल्टर बघा.

बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत सुकवा. डिफरन्शियलचं तेल दुधाळ दिसलं तर लगेच बदला.