टॉय स्पॅनियल सांभाळताना: शांत कुत्र्याचं दुखणं वेळेत कसं ओळखावं

किंग चार्ल्स स्पॅनियल आणि त्याचा जरा लांब नाकाचा भाऊ कॅव्हेलियर, हे दोघंही टॉय म्हणजे छोट्या चणीचे स्पॅनियल, पिढ्यान् पिढ्या माणसाच्या मांडीवर वाढले. स्वभाव गरीब, भुंकणं कमी, पाहुण्यांचंही स्वागत शेपूट हलवूनच. अडचण याच गुणातून येते. दुखलं-खुपलं तरी हे कुत्रं कुरकुरत नाही, जवळ येऊन बसतं. त्यामुळे त्याच्यासोबत राहणं म्हणजे बरंचसं स्वतःच्या हातांनी चाचपणं आणि घड्याळ लावून मोजणं.

आधी आईबापांचे कागद बघा

चपट्या तोंडाच्या फॅशनमुळे जुना लांब नाकाचा स्पॅनियल दिसेनासा झाला होता. १९२६ साली रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकी गृहस्थांनी क्रफ्ट्स या इंग्लंडमधल्या श्वान प्रदर्शनात तशा कुत्र्यासाठी २५ पौंडांचं बक्षीस लावलं आणि तिथून कॅव्हेलियरची जात पुन्हा उभी राहिली. पण ती मोजक्याच कुत्र्यांपासून वाढली, त्यामुळे काही दुखणी रक्तातच उतरली. हृदयाची मायट्रल झडप हळूहळू गळू लागणं हे त्यातलं सर्वांत मोठं. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या जातीच्या प्रजननावरची बंदी कायम ठेवली, ती अशाच आनुवंशिक आजारांमुळे.

पिल्लाचा गोंडस चेहरा नंतर बघा. आईबापांची वयं विचारा, दोघंही अडीच वर्षांच्या पुढची हवीत. त्यांच्या हृदयाची आणि डोळ्यांची अलीकडची तपासणी झाली आहे का, कॅव्हेलियर असेल तर मेंदू-मानेचा एमआरआय काढला आहे का, हेही विचारा. ‘आमच्याकडे कधी कुणी आजारी पडलं नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. घरच्यांना वेळ कमी असेल तर पिल्लाऐवजी मोठं, बेघर झालेलं कुत्रं घेणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं.

एकटं राहायला शिकवा

हे पहिल्याच आठवड्यात सुरू करा. दाराबाहेर जा, दार लावा, ३० सेकंदांनी आत या. जाताना-येताना लाड नकोत, बोलणं नको. पाच-सहा वेळा ते शांत राहिलं की १ मिनिट, मग ३, मग ५, मग १०. किल्ल्यांचा आवाज झाला, चपला पायात गेल्या की त्याला तुमचं जाणं कळतं. म्हणून दिवसातून दोन-तीनदा चपला घाला आणि घरातच बसून राहा.

१० मिनिटांवरून एकदम दोन तासांवर उडी मारली की सगळं बिघडतं. कुत्रं रडू लागलं, दार खरवडू लागलं तर ओरडू नका. शेवटचं जेवढा वेळ शांत राहिलं होतं तिथे परत या आणि तिथून पुढे सरका. सवय झालेल्या मोठ्या कुत्र्यालाही सलग चार तासांहून जास्त एकटं ठेवू नये.

फिरणं

दिवसातून दोनदा २० ते ३० मिनिटं पुरतात. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावू नका, छातीचा हार्नेस वापरा. मानेवरचा ताण या जातीला सोसत नाही. शिवाय मांडीवरचं कुत्रं असलं तरी आत स्पॅनियलच आहे: पक्षी उडाला की गाड्यांचं भान सुटतं, म्हणून रस्त्यालगत दोरी सोडायची नाही. चपट्या नाकामुळे उन्हात लवकर धाप लागते. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबू लागली, श्वास घरघरू लागला की सावलीत न्या, अंगावर थंड पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टरांकडे निघा.

केस आणि कान

एका बाजूला विरळ, दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला स्टीलचा कंगवा घ्या. आठवड्यातून तीन-चारदा दहा मिनिटं द्या. कानाची पाळी तळहातावर उलटी ठेवा. तिच्यामागे, मानेला लागून, कापसासारखे मऊ केस असतात. जटा तिथेच होतात. आधी टोकांचे केस विंचरा, मग थोडं वर, शेवटी मुळाशी. गुंता लागला तर गाठ आणि कातडी यांच्यामधले केस बोटांच्या चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीपर्यंत जात नाही. वरवर ब्रश फिरवला की केस चकचकीत दिसतात आणि खाली जटा तशीच राहते. अंघोळीआधी विंचरायचंच, कारण ओली झालेली जटा आवळून बसते. काखा, मांड्यांच्या मागची झालर आणि शेपटीही विसरू नका. तळव्यांच्या गाद्यांमधले केस गाद्यांच्या पातळीत कापा, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पाय घसरून गुडघ्याची वाटी सरकू शकते.

लोंबत्या कानाच्या आत हवा खेळत नाही. दर आठवड्याला वास घ्या. निरोगी कानाला जवळजवळ वास नसतो. मळ दिसला तर डॉक्टरांनी सुचवलेलं द्रावण कानात सोडा, कानाचं मूळ २०-३० सेकंद चोळा, डोकं झटकू द्या, बाहेर आलेलं कापसाने टिपा. आत काडी घालू नका. कान लाल असेल, हात लावू देत नसेल तर काहीही ओतण्याआधी डॉक्टरांना दाखवा, पडदा फाटलेला असू शकतो.

खाणं मोजून

भूक यांना कायमच लागलेली असते, त्या नजरेला बळी पडू नका. ७ किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ४०० ते ४८० किलोकॅलरी लागतात. १०० ग्रॅममागे ३६० किलोकॅलरी असलेलं कोरडं खाद्य असेल तर ११० ते १३० ग्रॅम, दोन वेळांत विभागून. वाटीने अंदाज चुकतो, वजनकाटा वापरा. खाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि तेवढं जेवण कमी करा. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेले पदार्थ अजिबात नकोत. भांडं अरुंद आणि खोल घ्या, कान बाहेर राहतात.

दात रोज घासा, पेस्ट कुत्र्यांचीच.

श्वास मोजा

वर्षातून एकदा डॉक्टरांना स्टेथोस्कोपने हृदय ऐकायला सांगा. कॅव्हेलियरमध्ये पाचव्या वर्षापर्यंत साधारण निम्म्यांना मर्मर, म्हणजे झडपेच्या गळतीचा आवाज, येतो. मर्मर ऐकू आला म्हणून घाबरून जाऊ नका, अनेक कुत्री त्यानंतर वर्षानुवर्षं मजेत जगतात. मात्र इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. हृदय मोठं झालेलं असेल तर लक्षणं दिसण्याआधीच सुरू केलेलं पिमोबेंडन हे औषध हार्ट फेल्युअर सरासरी १५ महिन्यांनी पुढे ढकलतं.

घरी करायचं काम एवढंच: कुत्रं गाढ झोपलेलं असताना छाती वर-खाली होणं म्हणजे एक श्वास, असं ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. स्वप्नात पाय हलवत असेल तर थांबा, तो आकडा खोटा येतो. आठवड्यातून एकदा वहीत टिपा, मर्मर असेल तर रोज. मिनिटाला ३० च्या वर गेला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. तरीही वरच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. त्याच वहीत आणखी एक नोंद ठेवा: चालता चालता कातडीला पाय न लावता मानेजवळ हवेतच खाजवतं का, उचलताना अचानक किंचाळतं का. मानेच्या मज्जारज्जूत द्रव साठला की असं होतं. ही खाजवण्याची तऱ्हा दवाखान्यात दिसेलच असं नाही, तेव्हा फोनवर चित्रित करून डॉक्टरांना दाखवा.