मतामागचा तास शोधा : इमर्सिव्ह प्रदर्शनांचे अभिप्राय वाचायचे कसे आणि लिहायचे कसे

नऊ वर्षं माझं काम एकच होतं. इमर्सिव्ह, म्हणजे माणसाला चहूबाजूंनी वेढून घेणाऱ्या प्रदर्शनातून बाहेर पडायच्या दारापाशी एक टेबल, त्यावर जाड पुठ्ठ्याची अभिप्राय वही, दोरीने बांधलेलं पेन आणि शेजारी मी. भिंतीभर हलणारी चित्रं, आरशांच्या खोल्या, डायनोसॉर, बुडालेली जहाजं, इजिप्तमधल्या कबरी, असं सगळं पाहून झालेली माणसं त्या दारातून बाहेर येत. संध्याकाळी मी वहीतली मतं तक्त्यात भरायची, पुढे पुढे नेटवरचे रिव्ह्यूही त्यात आले. आता ते काम सुटलं, पण ओळखीतलं कुणी तिकीट काढायला निघालं की हमखास फोन येतो, 'रिव्ह्यू वाचले, पण कळेना जावं की नाही.' त्या सगळ्यांना जे सांगत आले, ते इथे लिहिते.

एका शनिवारची दोन पानं मला अजून पाठ आहेत. सकाळच्या पहिल्या स्लॉटमधल्या बाईंनी लिहिलं होतं, 'जमिनीवर पाठ टेकून पडून राहिले, रंग अंगावरून वाहत गेले, रडू आलं.' त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला एका गृहस्थांनी लिहिलं, 'लोकांच्या पाठी पाहिल्या. पैसे परत द्या.' दोघांनी एकच शो पाहिला होता, त्याच प्रोजेक्टरवर, त्याच संगीतासह. पण सकाळी आत चाळीसेक माणसं होती आणि संध्याकाळी दोनशेच्या वर. दोघंही खरंच बोलत होते. तेव्हापासून कुठलंही मत वाचताना मी आधी त्यामागचा तास शोधते. वार कोणता, स्लॉट कोणता, सोबत कोण होतं, आत किती वेळ काढला? एवढं हाती लागलं की मत उपयोगी पडतं. नाही लागलं तर पाच स्टार असोत की एक, मी ते बाजूला ठेवते.

पण त्याआधी एक काम करा. प्रदर्शन कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. निम्म्या तक्रारी इथेच जन्माला येतात. 'इमर्सिव्ह' या एका शब्दाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, प्रोजेक्शनचा शो. यात मूळ चित्र एकही नसतं, चित्रांच्या प्रतिमा भिंतींवर आणि जमिनीवर फिरतात. दोन, आरसे, दिवे आणि सेन्सर यांनी घडवलेल्या खोल्या. यात ती खोलीच कलाकृती असते. तीन, विषय घेऊन मांडलेलं प्रदर्शन, म्हणजे टायटॅनिक, इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामून, डायनोसॉर वगैरे. यात खऱ्या वस्तू आहेत की प्रतिकृती, हा कळीचा प्रश्न. चार, फोटो काढण्यासाठीच रंगवलेले कोपरे. आणि पाच, गोष्ट शोधत हिंडायची जागा, जशी अमेरिकेतल्या सांता फेमध्ये 'म्याऊ वुल्फ'ने 2016 मध्ये उघडली. तिथे एका घरात शिरून कपाटांतून, फ्रीजमधून पलीकडच्या दुनियेत जाता येतं.

आता 'एकही खरं चित्र नाही, फसवणूक!' हा रिव्ह्यू घ्या. व्हॅन गॉगच्या 'तारांकित रात्र' या 1889 सालच्या चित्राचा मूळ कॅनव्हास जेमतेम 74 बाय 92 सेंटिमीटरचा आहे आणि तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये असतो. तीन मजली भिंतीवर जे फिरतं ते त्याचं प्रोजेक्शन. व्हॅन गॉग, क्लिम्ट, मोने यांचेच शो सगळीकडे का दिसतात, यालाही कारण आहे. या चित्रकारांना जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की त्यांची चित्रं आता सार्वजनिक मालकीची आहेत आणि ती वापरायला परवानगी किंवा मानधन लागत नाही. त्यामुळे एकाच चित्रकारावर अनेक कंपन्या शो काढू शकतात, आणि काढतातच. 2021 च्या सुमारास अमेरिकेत व्हॅन गॉगचे जवळजवळ सारख्या नावांचे कितीतरी शो एकाच वेळी चालू होते. काही लोकांनी एकाचं समजून दुसऱ्याचं तिकीट काढलं. तेव्हा रिव्ह्यू वाचताना पहिली खात्री ही करा की तो याच शोचा, याच इमारतीतला आहे. नाव पुरेसं नाही, निर्मात्या कंपनीचं नाव आणि पत्ता जुळवा.

विषयाधारित प्रदर्शनात 'प्रतिकृती' हा शब्द शोधा. 1972 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तुतनखामूनचा खरा सोन्याचा मुखवटा आला होता. तो पाहायला 16 लाखांहून जास्त लोक आले. आज तो मुखवटा इजिप्तबाहेर जात नाही. म्हणजे एखाद्या फिरत्या प्रदर्शनाच्या जाहिरातीत तो दिसला तर आत त्याची प्रतिकृतीच असणार. प्रतिकृती वाईट असते असं मी मुळीच म्हणत नाही. उत्तम घडवलेल्या प्रतिकृतीभोवती मुलं तासभर बसलेली मी पाहिली आहेत, कारण तिला काच नव्हती आणि नाक टेकवून बघता येत होतं. फक्त आधी माहीत हवं.

मग तारीख बघा. पहिल्या आठवड्यातल्या मतांना मी कमी वजन देते. तेव्हा आमंत्रित पाहुणे असतात, गर्दी आवरलेली असते, सगळे प्रोजेक्टर ताजे असतात. उलट, पहिल्या आठवड्यातल्या रांगेच्या तक्रारी पुढे दूरही झालेल्या असतात. मी स्वतः मागच्या सहा आठवड्यांतलीच मतं वाचते. जुनी मतं तर कधी कधी वेगळ्याच जागेबद्दल असतात. टोकियोचं 'टीमलॅब बॉर्डरलेस' हे डिजिटल कलेचं संग्रहालय 2018 मध्ये ओदाइबा भागात उघडलं, 2022 मध्ये बंद झालं आणि 2024 मध्ये अझाबुदाई हिल्समध्ये नव्याने सुरू झालं. नाव तेच आहे, पण इमारत आणि खोल्यांची मांडणी वेगळी. 2019 चा रिव्ह्यू वाचून कुणी तिथे गेलं तर त्याला आठवणीतली जागा सापडणार नाही.

स्टारांबद्दल थोडंसंच. लिहायला बसतो तो एकतर भारावलेला असतो, नाहीतर चिडलेला. मधले लोक घरी जाऊन चहा टाकतात. म्हणून तीन स्टारवाल्याने लिहिण्याची तसदी घेतली असेल तर ते मी सगळ्यात आधी वाचते. 'पण' हा शब्द तिथेच सापडतो: 'आवडलं, पण पंचवीस मिनिटांत संपलं.' निर्णय या 'पण'वर घ्यायचा असतो.

वेळेचा हिशेब तर नीट मांडायलाच हवा. प्रोजेक्शनचा शो एका चक्रात फिरतो. चक्र किती मिनिटांचं, आणि ते संपल्यावर पुन्हा बसू देतात की बाहेर काढतात, हे मतांतून शोधून काढा. आरशांच्या खोल्यांचं गणित आणखी वेगळं. जपानी कलाकार यायोई कुसामा 1965 पासून आरशांच्या खोल्या करत आहेत. लॉस एंजेलिसच्या 'द ब्रॉड' या संग्रहालयातल्या त्यांच्या खोलीत माणसाला 45 सेकंद मिळतात. हो, सेकंद! आत जाऊन दार लागेपर्यंत आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत त्यातले दहा जातात. आधी माहीत असेल तर माणूस फोन खिशात ठेवून आत शिरतो आणि ते 45 सेकंद त्याला पुरतात. माहीत नसेल तर तो बाहेर येऊन एक स्टार देतो. माझ्या वहीत अशा खोल्यांबद्दलचा राग जवळजवळ नेहमी रांगेबद्दलचा असायचा. त्या पानांवर खोलीबद्दल एक ओळही नसायची.

आता कडांबद्दल. हे मला एका प्रोजेक्टर ऑपरेटरनं शिकवलं, आणि माझ्या मते दर्जा ओळखायची ही सगळ्यात भरवशाची खूण आहे. माणसाला 'आत' आल्यासारखं वाटतं ते चित्राची कड दिसत नाही म्हणून. ही युक्ती विजेच्याही आधीची. रॉबर्ट बार्करनं 1787 मध्ये गोलाकार भिंतीवरच्या चित्राचं पेटंट घेतलं आणि 1793 मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास इमारत उभी केली. नेदरलँड्समधल्या हेगमध्ये 1881 चा 'पॅनोरामा मेस्डाग' आजही पाहता येतो. 14 मीटर उंच आणि सुमारे 120 मीटर घेराचं ते समुद्रकिनाऱ्याचं चित्र आहे. प्रेक्षक मधोमध उभा राहतो आणि चित्राची खालची कड दिसू नये म्हणून तिथे खरी वाळू पसरून टेकडी केलेली आहे. प्रोजेक्शनमध्ये या वाळूचं काम ऑपरेटर करतो. दोन प्रोजेक्टरांची चित्रं जिथे एकमेकांवर चढतात तिथला उजेड इतका अचूक जुळवायचा की जोड दिसू नये. जोड हलला की चेहऱ्याच्या मधोमध फिकट पट्टा उभा राहतो. आमच्याकडे एकदा एका भिंतीचा प्रोजेक्टर तीन दिवस बंद होता. त्या तीन दिवसांत 'प्रोजेक्टर बंद' असं कुणीही लिहिलं नाही. लोकांनी लिहिलं, 'रंग फिके', 'काहीतरी अर्धवट', 'मन लागलं नाही'. तेव्हा 'मन लागलं नाही' असं एकाने म्हटलं तर तो त्याचा स्वभाव समजा. पण एकाच आठवड्यात पाच जणांनी म्हटलं तर तिथे काहीतरी बिघडलेलं आहे.

फोटोंकडेही याच नजरेने बघा. जाहिरातीतला फोटो रिकाम्या दालनाचा असतो. मी पाहुण्यांनी टाकलेले फोटो उघडते आणि त्यांत पाय मोजते. फोन अंधारातलं दृश्य उजळून टाकतो, त्यामुळे प्रत्यक्षात दालन फोटोपेक्षा काळोखं असतं हेही धरून चाला. आणि जाहिरातीत एकही खरा फोटो नसेल, नुसती एआयने काढलेली चित्रं असतील, तर थांबा. फेब्रुवारी 2024 मध्ये ग्लासगोत चॉकलेटच्या कारखान्यावर आधारलेल्या एका कार्यक्रमाची जाहिरात अशीच झाली होती. त्या चित्रांतले इंग्रजी शब्दसुद्धा निरर्थक होते. लोक मुलांना घेऊन पोहोचले तेव्हा बऱ्याचशा रिकाम्या गोदामात मोजकी सजावट होती. त्याच दिवशी तो बंद पडला, पोलिसांनाही बोलवावं लागलं. ती मुलं रडत घरी गेली याचं मला आजही वाईट वाटतं. त्या शब्दांकडे आधी कुणी नीट पाहिलं असतं तर एवढं टळलं असतं.

शरीराबद्दल फार कमी लोक लिहितात. म्हणून जे लिहितात त्यांना मी मनापासून मानते. बसायला जागा आहे का? जमीन आरशाची आहे का? दिव्यांची उघडझाप होते का? अपस्माराचा त्रास असलेल्याला हा प्रश्न जिवाचा आहे. आवाज किती? टोकियोतल्याच 'टीमलॅब प्लॅनेट्स'मध्ये अनवाणी, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पाण्यातून चालावं लागतं आणि काही खोल्यांत जमिनीला आरसे आहेत. तंग पँट घालून गेलेल्याची पंचाईत होते, स्कर्ट घालून गेलेलीचीही. आमच्याकडे एकदा काठी टेकत एक आजोबा आले. आरशाच्या खोलीच्या उंबऱ्यावर त्यांनी काठी पुढे टाकली आणि थबकले. जमीन कुठे संपते आणि तिचं प्रतिबिंब कुठे सुरू होतं, ते त्यांना कळेना. काठीचं टोक दोनदा आपटून पाहिलं, मग मागे फिरले. वहीत त्यांनी एकच ओळ लिहिली: 'उंबऱ्यावर पांढरी पट्टी लावा.' ती ओळ मी वरपर्यंत पोहोचवली आणि दुसऱ्या आठवड्यात पट्टी लागली. नऊ वर्षांत याहून उपयोगी मत माझ्या वहीत आलं नाही.

तेव्हा स्वतः लिहाल तेव्हा असं लिहा. दाराबाहेर पडल्या पडल्या नको, तेव्हा कानात संगीत असतं नाहीतर डोक्यात रांग. दुसऱ्या दिवशी लिहा. जे आठवेल तेच तुम्ही पाहिलेलं. वार, स्लॉट, सोबत कोण, आत किती मिनिटं, हे पहिल्या ओळीत. मग एकच दृश्य, जवळून. मग जे खटकलं ते, आणि ते कुणाला जास्त खटकेल ते. कर्मचाऱ्यांवर राग काढू नका. तापमान, तिकीटदर, स्लॉटमधली माणसं, यातलं काहीही त्यांच्या हातात नसतं. मात्र कुणी मदत केली असेल तर जरूर लिहा, नाव न घेता कोणत्या दालनात ते सांगितलं तरी पुरतं.

नमुना म्हणून गेल्या महिन्यात मी लिहिलेलं मत देते, प्रदर्शनाचं नाव वगळून:

'मंगळवार, दुपारी तीनचा स्लॉट. मी, सात वर्षांची भाची आणि गुडघे दुखणारी आई. आत एकूण पन्नास मिनिटं, शोचं चक्र पस्तीस मिनिटांचं, पुन्हा बसू देतात. मोठ्या दालनात बाकं चारच, ती डाव्या भिंतीला, आधी तिकडे जा. पाण्यावरची कमळं जमिनीवर उतरली तेव्हा भाची त्यांवर पाय न पडू देता चालत होती, आणि तिचं पाहून चार अनोळखी मोठी माणसंही तशीच चालायला लागली. वादळाच्या भागात आवाज फार वाढतो, तिने तीन मिनिटं कान झाकले. लहान बाळ असेल तर दाराजवळ बसा. मागच्या भिंतीवर दोन चित्रांमधला जोड दिसतो. मूळ चित्रं नाहीत, तसं दारावर लिहिलेलं आहे. दुसऱ्या दालनातल्या मुलीने न सांगता आईसाठी खुर्ची आणली.'