नवी बॅरल, घाईचा लोड: या चुका टाळा

टेक्ससमध्ये घरी काडतुसं भरायला लागून बरीच वर्षं झाली. रेंजवर नवी रायफल घेऊन आलेला माणूस मला लांबूनच ओळखू येतो. बॅरल, म्हणजे बंदुकीची नळी, कालच बसवलेली असते आणि ह्याला आजच 'अचूक लोड', म्हणजे पावडर आणि गोळीचं नेमकं जुळलेलं माप, हवा असतो.

माझा सगळ्यात जास्त राग याच घाईवर. काडतूस बसतं ते चेंबर संपून गोळीची वाट सुरू होते, त्या बॅरलच्या घशात रीमरचे (चेंबर कोरायच्या हत्याराचे) बारीक आडवे ओरखडे राहिलेले असतात. त्यांच्यावर गोळीचं तांबं खरवडलं जातं आणि पुढे नळीत जाऊन चिकटतं. पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत घसा गुळगुळीत होत जातो आणि बऱ्याच बॅरलमधून सुटणाऱ्या गोळीचा वेग आपोआप वाढतो. म्हणजे पावडर तेवढीच, पण तुमचा कालचा आकडा आज खोटा.

मी हे फटका खाऊन शिकलो. रायफल ६.५ क्रीडमूर काडतुसाची, गोळी वजनाने १४० ग्रेनची. पहिल्या चाळिसातच २,७०० फूट प्रति सेकंद आणि नाण्याएवढा ग्रुप, म्हणजे सगळी भोकं तेवढ्या जागेत. हुरळलो. मार्चमधल्या त्या गार सकाळच्या भरवशावर शंभर काडतुसं भरून ठेवली आणि मधले महिने दुकानातली तयार काडतुसं मारत राहिलो. ऑगस्टमध्ये डबा उघडला, तोवर बॅरलमधून दीडशेवर गोळ्या गेल्या होत्या. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, २,७७५ दाखवू लागला, तर मी यंत्रालाच शिव्या घातल्या. पाचव्या गोळीनंतर बोल्टची मूठ तळहाताने ठोकून उचलावी लागली. प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) चपटा, पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर ढकलणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा. वाढलेला वेग आणि वरून ऊन, दोघांनी मिळून दाब चढवला होता. उरलेली पंच्याण्णव काडतुसं हातोडी-पुलरने (ठोकून गोळी सुटी करायच्या हातोडीने) एकेक ठोकून मोकळी केली. बायको म्हणाली, "सुतारकाम काढलंयत का?"

आता पहिल्या दीडशे गोळ्या मी लोडच्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापावरच घालवतो. पुंगळ्याही त्या निमित्ताने चेंबरच्या मापाच्या होतात. लागोपाठ दोन फेऱ्यांत वेग जागचा हलला नाही, की मग पावडर थोडीथोडी वाढवायची.

दुसरा सोस सफाईचा. एक गोळी, एक सफाई, असं पन्नास वेळा करणारे भाविक मी पाहिलेत. मला ते निम्मं कर्मकांड वाटतं. पहिल्या पाच गोळ्यांना प्रत्येकी एकदा, मग दहा-दहांनी दोनदा, एवढं मला पुरतं. एकदा शेजारच्या टेबलावरचा पोरगा सकाळभर घासत होता आणि फडक्याचा निळा रंग काही जाईना. ब्रश पितळी होता! अमोनियाचं सॉल्व्हंट बॅरलमधलं नव्हे, ब्रशमधलंच तांबं विरघळवत होतं. तांबं काढताना नायलॉनचा ब्रश घ्या. आणि सफाईचा रॉड बोर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून मागूनच घाला. तोंडाकडून घातलात तर क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाची कड, खराब होईल.

तीन गोळ्यांच्या ग्रुपवर लोड ठरवू नका. मला दहा तरी लागतात.

बॅरलला हात लावून धरवत नसेल तर चहा प्या.

टेबलावर पावडरचा एकच डबा. यावर वाद घालणाऱ्याशेजारी मी बसत नाही.

पावडरचं माप आणि पुंगळीत गोळी किती आत बसवायची ती खोली, दोन्ही एकाच दिवशी बदलू नका.

आणि ग्रुप अचानक फाटला, तर पावडरला दोष देण्याआधी स्कोप (नेमाची दुर्बीण) धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू बघा. मी यात दोनदा फसलोय.