क्रँक मशीन शॉपमध्ये न्यायच्या आधी

फोर्डच्या ३०२ क्युबिक इंचांच्या व्ही-एट इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) वाढवून ३४७ करायला घेताय ना? मग क्रँकची (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) ऑर्डर द्यायच्या आधी एक गोष्ट ठरवून गॅरेजच्या भिंतीवर लिहून टाका: बॅलन्स इंटर्नल, की एक्स्टर्नल, आणि एक्स्टर्नल तर २८ चा की ५० चा. बॅलन्सिंग सगळ्यात शेवटी होतं म्हणून त्याचा विचारही शेवटी करायचा, ही चूक मी मिशिगनमधल्या पहिल्याच हिवाळ्यात केली आणि ती खिशाला चांगलीच लागली.

इंटर्नलमध्ये तोल साधायला लागेल तेवढं वजन क्रँकच्याच काउंटरवेटमध्ये (तोलासाठीच्या जड भागांत) असतं; पुढचा डॅम्पर (थरथर शोषणारी चकती) आणि मागचं फ्लायव्हील (जड चक्र) दोन्ही न्यूट्रल, म्हणजे स्वतः समतोल. एक्स्टर्नलमध्ये काउंटरवेट कमी पडतात आणि उरलेलं वजन डॅम्पर आणि फ्लायव्हीलच्या एका बाजूला चढवलेलं असतं. जुन्या ३०२ ला ते २८ औंस-इंच (वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर), नंतरच्या फॉक्स बॉडी मस्टँगच्या ५.० लिटर इंजिनाला ५०. बाहेरून पाहिलं तर इंजिन जवळपास तेच, आणि गफलत होते ती इथेच. मी जुन्या बाजारातून स्वस्तात फ्लायव्हील उचललं, ते निघालं २८ चं, आणि इंजिन होतं ५० चं. दोन हजार आरपीएमला गिअरचा दांडा हातात थरथरायचा. मी आपला दोनदा इंजिन माउंट बदलून बसलो. आता हिशोब बघा: एक औंस-इंचाचा फरक सहा हजार आरपीएमला सुमारे २९ किलोने ओढतो. फरक २२ चा असेल तर क्रँक ज्यांत फिरतो त्या मेन बेअरिंगचं काय होत असेल ते सांगायला नको. ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते, त्यामुळे सावकाश चालवताना ‘ठीक वाटतंय’ म्हणण्याला काही अर्थ नाही.

माझं मत विचाराल तर साडेसहा हजारांच्या वर फिरवायचं असेल तर इंटर्नलच घ्या. क्रँकच्या दोन्ही टोकांना लटकणारं वजन त्याला वाकवत राहतं. शिवाय न्यूट्रल क्लच-फ्लायव्हील पुढे कधी बदललं तर सगळं पुन्हा मशीनवर चढवावं लागत नाही. रोजच्या रस्त्यावरच्या गाडीसाठी, कास्ट (ओतीव) क्रँकवर, २८ चं एक्स्टर्नल चालून जातं. ५० चं मी नव्याने बांधताना घेणार नाही.

ठरलं की डॅम्पर आणि फ्लायव्हील त्याच हिशोबाने घ्या. जुना डॅम्पर वापरणार असाल तर मधलं रबर नीट बघा. बाहेरची रिंग सरकलेली असली तर टायमिंगची खूणही खोटं बोलते आणि एक्स्टर्नलमध्ये वजनही भलतीकडे गेलेलं असतं.

आता वजनं. चांगला काटा आणा, एक ग्रॅम स्पष्ट दाखवणारा. आठही पिस्टन तोला, बाकीचे सगळ्यात हलक्याच्या वजनावर आणा. रॉडची (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं वेगवेगळी तोलायची, म्हणजे एक टोक टांगून दुसरं काट्यावर. माझ्या इंजिनात पिस्टन, पिन, रिंगा, लॉक आणि रॉडचं वरचं टोक मिळून ७४२ ग्रॅम झाले. खालची दोन टोकं ८२०, दोन जोड बेअरिंग ८४, तेलाचे म्हणून ४. एकूण बॉबवेट, म्हणजे बॅलन्सिंग मशीनवर पिस्टन-रॉडच्या जागी क्रँकवर बांधायचं वजन, १६५०. इथे वर-खाली जाणारं वजन निम्मंच धरतात. एका क्रँकपिनवर (क्रँकच्या ज्या भागावर रॉड बसतो त्यावर) दोन सिलिंडर असतात, म्हणून ते एका सिलिंडरच्या पूर्ण वजनाइतकं होतं. (पुण्यातल्या मित्राने विचारलं होतं म्हणून सांगतो: साध्या इनलाइन-फोरला बॉबवेट लागत नाही. क्रँक एकटाच फिरवून बॅलन्स होतो; पिस्टन-रॉड मात्र आपसात जुळवावेच लागतात.)

हे आकडे पाठवण्याआधी कापाकापी संपलेली हवी. स्ट्रोक ३ इंचांवरून ३.४ झाला की रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या कडेला घासतात, तिथे ग्राइंडर लावावा लागतो. कोरडी (तात्पुरती) जुळणी करून क्रँक हाताने पूर्ण फिरवून बघा. पिस्टनवर व्हॉल्व्हसाठी खाच वाढवायची असेल तर तीही आधीच. बॅलन्स झाल्यावर पिस्टनवरून पाच ग्रॅम उडवले तर तोललेलं सगळं वाया.

मशीन शॉपला न्यायच्या खोक्यात क्रँक, एक रॉड-पिस्टनचा पूर्ण संच, एक बेअरिंग जोड आणि स्पेसर-गिअरसकट पुढचं जे क्रँकवर बसतं ते सगळं ठेवा. एक्स्टर्नल असेल तर डॅम्पर, फ्लायव्हील आणि क्लचची प्रेशर प्लेटही हवीच. प्लेट आणि फ्लायव्हीलवर जुळणीची पंच-खूण आधीच मारून घ्या.

क्रँक जड निघाला तर काउंटरवेटला भोक पाडून काम होतं, त्यात फारसा खर्च नाही. हलका निघाला तर पंचाईत: टंगस्टनच्या गुल्ल्या बसवाव्या लागतात, आणि त्या क्रँकच्या लांबीला समांतर भोकात बसवतात ना, हे विचारूनच घ्या. बाहेरून आत ठोकलेली गुल्ली फिरताना बाहेरच निघायला बघते. फोन केलात की एका गुल्लीचे किती घेतात तेही विचारा. माझं बजेट तिथेच कोलमडलं होतं.