भूजल शुद्धीकरणात यायचंय? आधी बोअरचा चुरा वाचायला शिका

जिऑलॉजीत एमएस्सी करणाऱ्या मुलामुलींचा ठरलेला प्रश्न असतो : दूषित भूजल साफ करण्याच्या कामात यायचं तर कुठलं तंत्रज्ञान शिकू? माझं उत्तर त्यांना नीरस वाटतं. तंत्रज्ञान नंतर. जमिनीखाली पाणी कुठून कुठे जातं हे कळल्याशिवाय बोअरमध्ये कितीही महागडं रसायन सोडा, पैसे अक्षरशः पाण्यात.

पाठ्यपुस्तकांतली बरीचशी उदाहरणं परदेशातल्या वाळू-गाळाच्या थरांतली. महाराष्ट्राचा मोठा भाग मात्र बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या खडकावर. वर मुरूम, खाली पोकळ्या असलेला मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, दोन थरांमध्ये कुठे लाल मातीचा पट्टा, आणि या सगळ्यातून गेलेल्या भेगा. कारखान्याच्या कुंपणालगतची विहीर स्वच्छ आणि लांबच्या शेतातला बोअर खराब, असं इथे होऊ शकतं. म्हणून बोअरची गाडी चालू असताना जीपमध्ये बसून राहू नका. धुळीत उभं राहा, बोअरमधून वर येणारा खडकाचा चुरा ठरावीक अंतराने घ्या, धुऊन भिंगाखाली बघा. रंग बदलला, झिओलाइट या खनिजाचे पांढरे कण आले, ओल लागली, की ती खोली तिथल्या तिथे वहीत. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीला माझ्या लेखी किंमत नाही.

प्रवाहाची दिशा काढायला किमान तीन विहिरी लागतात, आणि तिन्हींच्या तोंडाची उंची सर्व्हेने मोजलेली लागते. उतार डोळ्यांनी बघून बाण काढणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका. पातळी मे महिन्यात घ्या आणि पावसानंतर ऑक्टोबरमध्येही. मुरमात अडकलेला कचरा पावसाळ्यात धुऊन खाली उतरतो, त्यामुळे एकाच ऋतूतल्या आकड्यांवर विसंबणं धोक्याचं.

नमुना घेणं हे शिपायाचं काम समजू नका. आधी साचलेलं पाणी उपसायचं, पीएच आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत थांबायचं, मगच बाटली भरायची. विरघळलेल्या धातूंसाठीचं पाणी गाळून त्यात नायट्रिक ॲसिड. पण हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या, म्हणजे क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाच्या, बाटलीत ते चुकूनही नको, कारण ॲसिडमध्ये त्याचं रूप पालटू शकतं. ती बाटली बर्फात ठेवून त्वरेने प्रयोगशाळेत पोचवायची. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. एवढं बारीक माप बिघडवायला मळकट हातमोजाही पुरतो.

प्रत्यक्ष सफाई? तमिळनाडूत रानीपेटला क्रोमेट, म्हणजे क्रोमियमची रसायनं बनवणारा कारखाना बंद पडला, तरी मागे उरलेल्या कचऱ्याच्या ढिगाऱ्याचा प्रश्न वर्षानुवर्षं राहिला. तेव्हा पहिलं काम मूळ स्रोत उचलणं किंवा झाकणं. नंतर पाणी उपसून प्रक्रिया करता येते, किंवा फेरस सल्फेटसारखं क्षपणकारक (क्रोमियमला इलेक्ट्रॉन देऊन त्याचं रूप बदलणारं रसायन) जमिनीत सोडून क्रोमियम कमी विषारी, जागेवर बसणाऱ्या रूपात आणता येतं. उपसा सुरू झाला की आकडे उतरतात आणि सगळे खूश होतात. पंप बंद केला की बारीक भेगांत, मातीत मुरलेलं प्रदूषण परत पाण्यात झिरपतं नि आकडे वर चढतात. याला ‘रिबाउंड’ म्हणतात, आणि ग्राहकाला ते करारावर सही होण्याआधीच समजावून सांगायचं असतं. पेट्रोलगळतीचं तंत्र वेगळं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे आधी तो तवंग काढायचा.

शिक्षणाचं थोडक्यात. बीएस्सी, एमएस्सी जिऑलॉजी. आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा. केंद्रीय भूजल मंडळासाठी यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे, राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, बाकी खासगी सल्लागार कंपन्या. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम २०२५ मध्ये आले, तेही वाचून ठेवा. सॉफ्टवेअर कामावर शिकता येतं. रसायनशास्त्र कच्चं असेल तर मात्र आत्ताच पक्कं करा.

एक गोष्ट कॉलेजात कुणी शिकवत नाही. तुम्ही नमुना घेत असता आणि विहिरीची मालकीण विचारते, “दादा, हे पाणी पोरांना देऊ का?” अहवाल कंपनीचा, गुप्ततेची अट तुमच्यावर. वास, रंग बघून “चालेल” म्हणायचं नाही, आणि उगाच घाबरवायचंही नाही. पिण्याच्या विहिरीचा निकाल मालकाला लेखी मिळेल, हे कलम मी काम घेतानाच करारात घालून घेतो. ज्या कंपनीला ते नको असतं, तिचं काम मी घेत नाही.