ठासलेली बंदूक बार न काढता रिकामी कशी करावी

भात कापून घरात येतं, डुकरांचा त्रास थांबतो, आणि बंदूक मात्र मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपीच्या, कोपऱ्यात भरलेलीच राहते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडाकडून दारू-छर्ऱ्यांचा बार ठासून भरायची, बंदूक बाळगणाऱ्या घरांत हे नेहमीचं आहे. मग निवडणूक लागते, बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा निरोप येतो आणि घरातला कुणीतरी म्हणतो, "पावसात भिजलीये, बार मेला असेल." मेलेला नसतो. काळी दारू ओल धरते तशी सुकतेही, आणि सुकली की पुन्हा पेट घेते. बार पेटवणारी केप तर त्याहून चिवट.

बंदूक आधी बाहेर काढा आणि नळीचं तोंड मातीच्या दरडीकडे करा. चिऱ्याच्या गडग्याकडे करू नका, दगडावरून छर्रे उलटतात. पोरं, कुत्री, बघे सगळ्यांना मागे घ्या. चष्मा लावा. नंबर नसेल तर साधा, पण लावा.

शेतात चाप ओढला आणि बार झालाच नाही, अशी बंदूक हातात असेल तर ती तशीच रोखून धरा आणि दोन मिनिटं थांबा. ओलसर दारू कधी कधी आत धुमसत राहते आणि उशिरा पेटते. काय झालं म्हणून नळीत डोकावणारी माणसं मी पाहिली आहेत. नळीसमोर डोळाच काय, हाताचा पंजासुद्धा आणायचा नाही.

आता केप. सगळा धोका इथे आहे आणि सगळे चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. केप म्हणजे तांब्याची इवलीशी टोपी, आतल्या बाजूला ठोका बसला की पेटणारा मसाला. ताजी असेल तर नखानेही निघते. पण चार महिने खारी हवा खाल्लेली केप हिरवी पडते, कळंकाने निपलला, म्हणजे ती जिच्यावर बसते त्या छिद्राच्या बोंडीला, चिकटून बसते. मग कोणी सांगतं कोयतीच्या टोकाने उचक, कोणी सांगतं पकडीने धर आणि ओढ. मी पकडीने धरली होती. धातूने धातू दाबला गेला, केप जागेवर फुटली आणि तांब्याचा तुकडा अंगठ्याच्या मुळाशी रुतला. आतली दारू चिंब भिजलेली होती म्हणून बार झाला नाही. त्या वेळी नळीचं तोंड पडवीकडे होतं आणि पडवीत आई सुपारी सोलत बसली होती. तेव्हापासून केपेजवळ मी लोखंड नेत नाही.

माझी रीत अशी. केपेवर आपटणारा घोडा पूर्ण मागे ओढून दस्त्याला सुतळीने घट्ट बांधायचा, चापाला हात लावायचा नाही. घोडा अर्ध्यावर ठेवून काम करा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. जुन्या बंदुकीतली अर्ध्या घोड्याची खाच झिजलेली असते, हलक्या धक्क्यानेही घोडा सुटतो. घोडा बांधला की केपेच्या कडेला खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि सरळ चहाला जायचं. अर्ध्या तासाने पुन्हा दोन थेंब. मग बांबूची चिवटी घ्यायची, टोकाशी चिरलेली, चिमट्यासारखी. तिने केप कडेने धरायची आणि हलकेच गोल फिरवायची. वर ओढायची नाही, खालून उचकायची नाही. आपलं तोंड बाजूला, निपलच्या रेषेत नाही. केप फिरायला लागली की काम झालं, ती आपोआप वर येते. नाही फिरली तर पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. माझी एक केप दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. तेव्हाही नाही निघाली तर आपला हट्ट सोडायचा. बंदूक तोंड दरडीकडे करून तशीच ठेवायची, जवळ राखणीला माणूस बसवायचा आणि परवानाधारक बंदूक दुरुस्त करणाऱ्याला बोलवायचं. भरलेली बंदूक गाडीत घालून न्यायची नाही.

केप निघाल्यावरच गज, म्हणजे बार ठासायची लांब काठी, नळीत घालायचा. आधी घातलात तर हात थेट बाराच्या समोर जातो. गज तळाला टेकला की तोंडापाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढा, नळीच्या बाजूला लावून बघा. गजाचं टोक निपलपर्यंत पोचत नसेल, चार बोटं कमी पडत असेल, तर आत बार आहे. निपलवर केप नव्हती म्हणून बंदूक रिकामी समजणाऱ्यांनी हे एकदा करून बघावंच.

दारू बुडवायची ती निपलच्या बाजूने. तोंडाकडून ओतलेलं पाणी बार दाबून धरणाऱ्या काथ्याच्या डाटावरच अडतं. निपल पान्याने काढा आणि पिचकारीने त्या भोकातून पाणी भरत राहा, काळं पाणी येईपर्यंत. निपल गंजून बसला असेल तर तोडू नका, त्याच्या छिद्रातून इंजेक्शनच्या सुईने पाणी सोडा. रात्रभर भिजू द्या.

सकाळी गजाच्या टोकाला स्क्रू लावून डाट फिरवून ओढा, पण गज बोटांत धरा, तळहात त्याच्या टोकावर टेकवू नका. डाट आला की छर्रे घरंगळतात, मग दुसरा डाट, मग काळा चिखल. चिखल पाण्याने धुऊन टाका, सुकू देऊ नका. नळी कढत पाण्याने धुवा, चिंधी कोरडी आणि पांढरी बाहेर येईपर्यंत पुसा, तेल लावा.

आता गज पुन्हा तळाला टेकवा आणि तोंडापाशी चाकूने बारीक चर पाडून ठेवा. ही रिकाम्या बंदुकीची खूण. पुढच्या वेळी चर नळीच्या तोंडाबाहेर दिसला तर आत काहीतरी आहे.

राहिली काढलेली केप. तेलात टाकली की मरते, हे मला किमान दहा जणांनी सांगितलंय. तेलात किंवा पाण्यात ठेवलेली केप सुकल्यावर फुटू शकते. तिला चुलीत टाकायचं नाही, दगडाने ठेचायचं नाही, माडाच्या आळ्यात पुरायचं नाही, तिथे उद्या कुणाची तरी कुदळ पडणार आहे. ओल्या कापसात गुंडाळून झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा, डबीवर 'जिवंत केप' असं लिहा आणि बंदुकीबरोबर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्या. पावतीवर केपांची संख्या लिहून घ्या. वडिलांच्या पश्चात माळ्यावर जुन्या केपांचा डबा सापडला तरी हेच. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्यालाही परवाना लागतो आणि वडिलांचा परवाना मुलाला चालत नाही. डबा हलवून किती आहेत ते बघायला जाऊ नका.