गावाचे जंगल आणि गावाची शेती: एकत्र कारभार कसा उभारावा

सामूहिक वनहक्क मिळवून जंगल राखणे आणि लगतच्या जमिनी एकत्र कसणे ही कामे कागदावर वेगवेगळ्या खात्यांची असली, तरी गावात ती करणारी माणसे तीच असतात. चैत्रात मोहफुले वेचणारी बाई आषाढात रोवणीच्या चिखलात उभी असते. म्हणून दोन्हींचे नियोजन एकाच ग्रामसभेत करावे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचा पहिला फटका भूमिहीन घराला बसतो, कारण त्याचे सरपण आणि शेळ्यांचा चारा जंगलातूनच येतो. त्या घराला बदल्यात काम आणि धान्य कोठून मिळेल, हे ठरल्याशिवाय बंदीचा ठराव करू नये. केला तर तो रात्रीच्या अंधारात मोडतो.

पहिले काम हक्काचे. वनहक्क अधिनियम, २००६ नुसार पारंपरिक सीमेतील वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळू शकतो. येथे ग्रामसभा म्हणजे गावाची सभा, अनेक गावांच्या गटग्रामपंचायतीची नव्हे. तिने १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडावी आणि त्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. सभेला गावातील किमान निम्मे सदस्य हजर असणे आवश्यक आहे, त्यामुळे तारीख रोवणी-कापणीच्या धामधुमीत धरू नये. दाव्यासोबत किमान दोन पुरावे लागतात. निस्तारपत्रक (जंगलातील गावाच्या रूढ वापरहक्कांची सरकारी नोंद), जुने नकाशे, ज्येष्ठांचे जबाब, तसेच जंगलातील देवस्थाने, पाणवठे आणि स्मशानभूमी यांच्या खुणा पुरावा म्हणून चालतात. ठरावासह दावा उपविभागीय समितीकडे द्यावा, पोच घ्यावी आणि तिची प्रत गावदप्तरी ठेवावी. अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समिती देते.

दाव्यातील सर्वांत नाजूक भाग म्हणजे सीमा. गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन ती प्रत्यक्ष चालावी, नाला, टेकडी, मोठे झाड अशी प्रत्येक खूण नावासह लिहून घ्यावी आणि शेजारच्या गावांना फेरीच्या दिवशी आवर्जून बोलवावे. त्यांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाणवठ्यावर येतात, तो आपल्या हद्दीत आला तरी त्यांचा वापर चालू राहील असे त्याच जागी लिहून दिल्यास पुढची अनेक भांडणे टळतात.

नियम करताना बहुमतापेक्षा सर्वसहमती धरावी, असे माझे ठाम मत आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गाव याच पद्धतीने निर्णय घेत आले आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. सहमतीला वेळ लागतो, पण हात वर करून हरलेले घर नियम पाळण्यास बांधील राहत नाही. पडलेले वाळके लाकूड कोणी, किती न्यावे, कोणता भाग किती वर्षे चराईला बंद राहील, दंड किती आणि तो कोठे जमा होईल, हे सारे नोंदवहीत लिहावे. राखणीच्या पाळ्या घरटी लावाव्यात आणि उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करून घ्याव्यात. फुले वेचण्यासाठी मोहाखालचा पाचोळा पेटवून देण्याऐवजी झाडून काढावा किंवा झाडाखाली जाळी बांधावी. वणव्यांचे एक मोठे कारण त्यानेच कमी होते.

बांबूची तोड मात्र बारकाईने शिकवावी लागते. नवे कोंब पावसाळ्यात फुटतात, म्हणून त्या काळात बेटाला हात लावू नये. एका वर्षाचा बांबू उंचीने पूर्ण वाढलेला दिसला तरी आतून कच्चा असतो आणि पुढच्या कोंबांना तोच पोसतो. तीन वर्षांपुढचे बांबू काढावेत. घाव जमिनीलगतच्या गाठीच्या लगेच वर घालावा, कारण वर पोकळ नळी उरली की तिच्यात पाणी साचून खुंट कुजतो. नवे बांबू बेटाच्या कडेला आणि जुने मध्यभागी असतात. त्यामुळे एका बाजूने वाट करून आत शिरावे आणि घोड्याच्या नालेसारखा आकार राखून तोड करावी. कडेचे सोपे बांबू कापून नेणारा मजूर बेटच मारतो.

तेंदूपत्त्याबाबत, म्हणजे विडीच्या पानांबाबत, प्रत्येक गावाने स्वतंत्र विचार करावा. त्यात रोख पैसा आहे, परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने पानांसाठी होणारी फांद्यांची छाटणी आणि लावल्या जाणाऱ्या आगी यांचा विचार करून हे संकलन बंद केले आणि बांबूवर भर दिला.

सामूहिक शेतीची सुरुवात लहान, सलग तुकड्यावर करावी. सावड (आळीपाळीने एकमेकांच्या शेतात काम) आणि इर्जिक (एकाच्या शेतात सर्वांनी मिळून काम) या जुन्या रीती गावाला ठाऊक असतातच. फक्त त्यांची हजेरी लिहावी लागते. बांधावरचे वाद टाळण्यासाठी सातबारा जशाच्या तसा ठेवून आधी केवळ कसणे एकत्र करावे. मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये ग्रामदान कायद्याची, म्हणजे जमिनीची मालकी गावाकडे सोपवण्याची, वाट धरली, पण ते पाऊल अनेक वर्षांच्या सवयीनंतरचे होते.

वाटणीचे सूत्र पेरणीपूर्वीच ठरवावे. समजा १५ एकरांत १५० क्विंटल धान झाले. त्यातून ३ क्विंटल बियाणे आणि खर्चापोटी २७ क्विंटल बाजूला काढले, तर १२० क्विंटल उरतात. त्यातील चौथा हिस्सा, म्हणजे ३० क्विंटल, जमिनीच्या प्रमाणात आणि ९० क्विंटल श्रमाच्या दिवसांप्रमाणे वाटावेत. एकूण ९०० दिवस भरले असतील, तर दिवसाला १० किलो पडतात. या सूत्राने जमीन नसलेल्या घरालाही ६० दिवसांच्या कामाचे ६ क्विंटल धान मिळते. स्त्री-पुरुषांचा दिवस समान धरावा; रोवणी आणि निंदणीचे बहुतांश काम स्त्रिया करतात, हे विसरू नये.

हजेरीपट आठवड्याला सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, कारण महिन्यानंतर कोणालाच दिवस नेमके आठवत नाहीत. बांबूविक्रीचा पैसा ग्रामसभेच्या बँक खात्यातच घ्यावा, त्यावर किमान दोन सह्या ठेवाव्यात आणि त्यातील एक स्त्रीची असावी. त्या रकमेतून पुढच्या हंगामाचे बियाणे, खत आणि नांगरणी यांसाठी लागणारा भाग वाटपाआधीच राखून ठेवावा, म्हणजे पेरणीच्या तोंडावर कोणाला सावकाराकडे जावे लागणार नाही. राखलेले बियाणे एकाच घरात न ठेवता तीन-चार घरांत विभागून ठेवावे आणि कोणत्या घरात किती आहे, हे नोंदवहीत लिहावे.